मल्लम्मा आणि बसलेली गाय

मल्लम्माला माणसं फारशी पटत नाहीत आणि ती ते लपवतही नाही. भाजीवाल्यानं चांगली वांगी निवडून दिली तरी ती एकेक वांगं देठाला धरून फिरवते आणि विचारते, "तुमच्या घरी हेच खाता का?" देवळात कुणी डोळे मिटून जास्त वेळ उभं राहिलं, की ही मागून म्हणते, "सरका आता, ऐकलं त्यानं." उमरग्यात आमच्या गल्लीत सगळे तिला टरकून असतात. माझं शिलाईचं दुकान तिच्या घरासमोरच, त्यामुळं तिच्या जिभेचा पहिला पट्टा मलाच बसतो. तरी सांगते, या गल्लीत ज्यांना माणूस म्हणावं अशी जी दोन-चार माणसं आहेत, त्यांत तिचा नंबर पहिला.

तिला दिली होती सीमेपलीकडं, कर्नाटकात आळंदच्या बाजूला. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. लोक सांगतात, दुसरी घरात आली त्या दिवशी मल्लम्मा भांडली नाही की रडली नाही. स्वयंपाक करून झाकून ठेवला, दारात पायताण झटकलं आणि उमरग्याची बस धरली. इथं धाकटा भाऊ उमाशंकर होता. अडत दुकान नुकतंच नीट चालायला लागलेलं. त्याची बायको दुसऱ्यांदा बाळंत झाली होती आणि ते बाळंतपण अवघड गेलं होतं. मुलगी जगली, पण तिचे पाय एकमेकांत अडकायचे, हात आपल्या मर्जीनं वळायचे, बोलणं तोंडातल्या तोंडात घोळायचं. डोकं मात्र लख्ख. तिचं नाव शिवांजली. ती नऊ वर्षांची असताना आई काविळीनं गेली. तेव्हापासून तिचं सगळं मल्लम्माच करते. न्हाणं, भरवणं, केस विंचरणं, सगळं. शिवांजली तिला कानडीत 'अत्ते' म्हणते. इतरांना ते नुसतं 'अं' असं ऐकू येतं.

आता उमाशंकरशेटबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात पुण्य करायला जागा उरली असेल, तर ती या माणसाच्या नजरेतून सुटलेली जागा. पाणपोईवर त्याचं नाव, देवळाच्या पायरीवर त्याचं नाव, स्मशानातल्या बाकावरसुद्धा त्याचंच नाव. अन्नदानाच्या पंगतीत पहिला द्रोण स्वतःच्या हातानं वाढायचा, आणि फोटो नीट आला नसेल तर त्याच माणसाला तोच द्रोण परत वाढायचा. मुलगी मात्र माडीवर. "थोरल्या अमरनाथचं लग्न व्हायचंय, घरात असं आहे कळलं तर कोण पोरगी देईल," असं म्हणून ठेवली. अमरनाथचं लग्न झालं, तो हैदराबादला गेला, त्याला पोरंबाळं झाली, तरी ही माडीवरच. लहान होती तोवर मल्लम्मा तिला कडेवर घेऊन मागच्या दारानं कधीमधी बाहेर काढायची. पोरगी वाढली, मल्लम्मा म्हातारी झाली आणि जिना दोघींनाही जड झाला. शिबिरात मिळालेली चाकांची खुर्ची वरच, खिडकीपासून पलंगापर्यंत फिरायची. शिवांजली आवाजावरून रिक्षा ओळखायची, शाळेतून परतणारी पोरं ओळखायची, माझ्या मशिनचा पट्टा सैल झालेलासुद्धा तिला कळायचा.

गल्लीला हे सगळं माहीत होतं. गल्लीनं काय केलं, तर 'बिचारी' म्हटलं. 'बिचारी' म्हणायला काही लागत नाही.

मग ते शिल्पाचं निघालं. शेट हैदराबादला मुलाकडं गेले होते. तिथं एका बागेत त्यांनी लहान मुलांसाठी केलेलं मोठं शिल्प बघितलं. त्यावर मुलं चढत होती, वाजवत होती, चाकांच्या खुर्चीतली मुलंसुद्धा आत जात होती, आणि एका कोपऱ्यात देणगीदाराचं नाव होतं. शेटनी तिथं काय काय पाहिलं कोण जाणे, नाव नक्की पाहिलं. परत आल्यावर व्यापारी मंडळाच्या बागेत तसंच शिल्प बसवायचं त्यांनी जाहीर केलं. कुणीतरी सुचवलं म्हणून पुण्याच्या निकिता नावाच्या एका मुलीला बोलावलं. शिल्पकलाच शिकलेली. बोलायला मऊ, पण कामात हट्टी.

ती शेटच्या घरी आली, कागद पसरले आणि समजावून सांगायला लागली. बसलेली देवणी गाय करायची. आपल्याकडची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. बसलेली, म्हणजे सगळ्यांचा हात पोचेल. अंगावरचा प्रत्येक ठिपका हाताला वेगळा लागेल, कुठं खरबरीत, कुठं गुळगुळीत, आणि थाप मारली की प्रत्येकाचा आवाज वेगळा. पोटात जायला पायऱ्या नाहीत, रुंद उतार. आत बरगड्यांच्या जागी लोंबत्या नळ्या, धक्का लागला की वाजणाऱ्या. आणि एका कानात बोललं की शेपटीजवळ ऐकू येणार.

"हे नुसतं बघायचं नाही, हात लावायचं आहे," ती म्हणाली. "दिसणारी, न दिसणारी, चालणारी, न चालणारी, सगळी मुलं एकत्र खेळली पाहिजेत."

"गाय म्हणजे माता," शेट म्हणाले. "उत्तम."

"शेट, तुमच्या घरात किंवा नात्यात असं एखादं मूल आहे का? मला त्याच्याशी बोलून मापं ठरवायची आहेत."

"देवाच्या कृपेनं न्हाय."

नेमका त्याच वेळी माडीवर स्टीलचा पेला पडला आणि पाठोपाठ शिवांजलीची लांबलचक हाक आली. निकितानं वर बघितलं.

"वर कोण आहे?"

"भाडेकरू हायत," शेट म्हणाले.

मल्लम्मा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं एक कप निकितापुढं ठेवला. दुसरा कप तसाच स्वयंपाकघरात परत नेला आणि मोरीत ओतला. थोड्या वेळानं शेटनी बैठकीतून विचारलं, "अक्का, माझा चहा?"

"सांडला," ती म्हणाली.

त्याच दुपारी ती माझ्या दुकानात येऊन बसली. म्हणाली, "पोटच्या पोरीला भाडेकरू केलं बघ त्यानं. भाडं तरी घ्यायचं होतं. म्हंजे पावती मिळाली असती तिला, या घरात राहती म्हणून."

शिल्पाचं काम सुरू झालं आणि मंडळातल्या शहाण्यांनी रोज जाऊन अक्कल पाजळायला सुरुवात केली. एकाला गाय उभी पाहिजे होती, कारण बसलेली आळशी दिसते. एकाला ठिपके सोनेरी पाहिजे होते. एकानं कानात तोंड घालून जोडीदाराला शेपटीपाशी उभं केलं आणि एक शिवी हासडली. मग सगळ्या मंडळानं आळीपाळीनं तेच केलं. पन्नाशीच्या पुढची माणसं. निकितानं गाय बसलेलीच ठेवली, ठिपके काळेच ठेवले. पण एका ठिकाणी तिचं काही चाललं नाही. शेटच्या नावाची पाटी. लोकांना आत जाताना दिसली पाहिजे म्हणून ती उताराच्या अगदी तोंडाशी, सिमेंटच्या चौथऱ्यावर उभी केली. निकिता सांगून थकली की खुर्ची वळायला जागाच राहत नाही. मंडळानं सांगितलं, "उचलून घेतील की. माणुसकी हाय अजून गावात."

उद्घाटनाला दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेतली पोरं बसमधून आणली. पाहुणे उशिरा आले, तोवर पोरं उन्हात रांगेनं बसवून ठेवलेली. भाषणं झाली. दिव्यांग म्हणजे देवाची लेकरं, असं एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, आणि तिसऱ्याजवळ दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानंही तेच सांगितलं. एका आंधळ्या मुलीचा हात गाईच्या ठिपक्याला लागला. तिला तो आवडला असावा, तिनं जोरात थाप मारली. ढम्म आवाज झाला, तशी दुसऱ्या पोरांनीही चालू केलं. "फीत कापायची हाय अजून," म्हणून त्यांना ओढून बाजूला घेतलं. खुर्चीतल्या एका मुलाला चार जणांनी पाटीवरून उचलून आत ठेवलं, फोटो काढले आणि परत उचलून बाहेर ठेवलं. माणुसकीचं काम तिथं संपलं. पोरं बसमध्ये बसली आणि बागेच्या गेटाला साखळी लावून कुलूप ठोकलं. शिल्प खराब व्हायला नको म्हणून.

बाग आमच्या गल्लीपासून लांब नाही. तो ढमढम आवाज माडीवर गेला होता. शिवांजलीनं आत्याला विचारलं, कसला आवाज. मल्लम्मानं तिला गाय सांगितली, ठिपके सांगितले, नळ्या सांगितल्या, कान सांगितला. सगळं ऐकून शिवांजली म्हणाली, "मला."

मल्लम्मानं शेट बाजार समितीत गेलेले बघून दुकानावरच्या बलभीमला बोलावलं. बलभीम हमाल आहे. तुरीची पोती पाठीवरून चढवण्या-उतरवण्यात त्याची हयात गेली.

"माडीवरनं खाली आणायचंय," ती म्हणाली. "पोतं न्हाय, माणूस हाय."

"शेट काय म्हणतील, अक्का?"

"शेट काय म्हणायचं ते म्या बघते. तू पाठ दे."

त्यानं पाठ दिली. शिवांजली किती वर्षांनी त्या जिन्यावरून खाली आली ते मल्लम्मालासुद्धा नेमकं सांगता येत नाही. खुर्ची घडी करून रिक्षात घातली. रिक्षा हायवेला लागली तशी पोरगी प्रत्येक ट्रककडं बघून हसायला लागली. आवाज ओळखीचे होते, तोंडं पहिल्यांदा दिसत होती.

बागेच्या वॉचमननं खुर्चीकडं बघितलं आणि फलकाकडं बोट दाखवलं. "बारा वर्षांखालच्यांनाच परवानगी हाय. ही तर मोठी दिसती."

"ही बारा वर्सं माडीवरनं उतरलीच न्हाय," मल्लम्मा म्हणाली. "तेवढी वजा कर आणि कुलूप काढ. त्या आतल्या पाटीवर नाव कुणाचं हाय? वाच. त्याची ही लेक. म्या त्याची थोरली बहीण. आता त्याला फोन लाव आणि विचार, तुमची लेक आलीया, आत सोडू का."

वॉचमननं कुलूप काढलं. त्याला दोन्हीकडून भीती होती, पण जवळची भीती मोठी होती.

खुर्ची पाटीपाशी अडली. चौथरा आणि कठडा यांच्यामधून ती जाईना. मल्लम्मानं भावाच्या नावाकडं बघितलं, तोंडातल्या तोंडात कानडीत काहीतरी म्हणाली, आणि बलभीमनं शिवांजलीला परत पाठीवर घेतलं.

पुढचं बलभीमनं मला सांगितलं. गाईच्या पोटात गारवा होता. शिवांजलीला आत टेकवून बसवली. तिचा उजवा हात आपोआप फेकला जातो. घरात याच हातानं पेले पडायचे, ताटं उलटायची, आणि शेट खालून "काय फोडलं?" म्हणून ओरडायचे. तो हात एका नळीला लागला आणि सगळ्या बरगड्या किणकिणल्या. पोरगी दचकली. मग तिनं तो हात मुद्दाम सोडला. मग परत. परत. त्यानंतर तिला बाहेरच्या ठिपक्यांजवळ नेली, तिथं तिनं कोपरानं, मनगटानं, एकदा तर कपाळानंसुद्धा वाजवलं. शेवटी तिला कानापाशी बसवून मल्लम्मा शेपटीकडं गेली.

कानातून शब्द आला, "भा-डे-क-रू."

घरात तिचं बोलणं समजायला तोंडाकडं बघावं लागतं. गाईच्या अंगातून आलं तेव्हा ते साफ होतं.

मल्लम्मा गाईला वळसा घालून परत आली. "तवा ऐकलं होतंस तू?"

शिवांजली हसत होती. रागानं नव्हे, तर एखाद्याचं बिंग आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला ते ठाऊक नाही, तसं. मल्लम्मा खाली जमिनीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि मग काही कारण नसताना बलभीमला झापलं.

तोवर बाहेरून जाणारी पोरं उघडं गेट बघून आत शिरली होती. मोबाईलवाले आले. संध्याकाळपर्यंत गावभर शिवांजली कपाळानं गाय वाजवतानाचा व्हिडिओ फिरला.

शेट घरी आले तेव्हा चेहरा काळवंडला होता. "अक्का, तुमी माझी इज्जत काढली. इतकी वर्सं झाकलं, आणि तुमी बाजारात मांडलं."

"झाकायला ती काय चोरीचा माल हाय?"

"लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे कुणीतरी होते. शेट उठून उभे राहिले, ऐकत राहिले. आवाज हळूहळू बदलला. "व्हय… व्हय… काय सांगायचं, मनातच ठेवलं होतं… तिच्यामुळंच हे सुचलं…" त्यांनी फोन ठेवला, तर दुसरा आला. लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं, की या माणसानं स्वतःच्या लेकीचं दुःख गिळून गावातल्या लेकरांसाठी शिल्प बांधलं. जेवायची वेळ होईपर्यंत शेटनाही ते पटलं होतं. तिसऱ्या फोनला तर ते रुमाल शोधायला लागले.

मल्लम्मा समोर बसून भाकरी खात सगळं ऐकत होती. "मघाशी इज्जत गेली म्हणत होतास," ती म्हणाली. "लई लवकर परत आली."

रविवारी परत बागेत जायचं ठरलं, या वेळी शेटसोबत आणि कॅमेऱ्यांसमोर. मल्लम्मा माझ्याकडं कापड घेऊन आली. "त्यानं भरजरी आणलंय. तू साधं सुती घे आणि सैल शिव. पोरगी खेळायला चाललीया, लग्नाला न्हाय." मी माप घ्यायला माडीवर गेले. शिवांजलीनं मला माझ्या मशिनच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. हुबेहूब होती.

रविवारी बागेत गर्दी. लोकल चॅनलची वर्षाराणी माईक घेऊन आलेली. शेट खुर्चीमागं उभे होते, मुलीच्या डोक्यावर हात. त्या हाताला तिथं कसं राहायचं ते कळत नव्हतं, कारण तो तिथं कधी ठेवलेलाच नव्हता. ते बोलले, "आंजू माझी प्रेरणा आहे," आणि रडले. घरी तिला कुणी आंजू म्हणत नाही.

वर्षाराणीनं माईक शिवांजलीपुढं धरला. "ताई, आज वडिलांना काय सांगाल?"

शिवांजलीला बोलायला वेळ लागतो. मान एका बाजूला गेली, ओठ जुळेनात, मग एकदाचा शब्द आला. कुणाला काही कळलं नाही.

"'आई' म्हणाली," शेटनी लगेच सांगितलं. "आईची आठवण आली तिला." वर्षाराणीचे डोळे भरून आले. शिवांजलीनं जोरात मान हलवली आणि तोच शब्द परत म्हणाली.

"'चावी' म्हणती ती," मल्लम्मा म्हणाली. "या गेटाची. उद्घाटन झाल्यापासनं बाग कुलपात हाय. तो एक दिवस सोडला तर एका लेकरानं हात लावला न्हाय अजून गाईला. ती चावी मागती."

कॅमेरा चालूच होता. शेटनी मंडळाकडं बघितलं, मंडळानं वॉचमनकडं. शेटना नाही म्हणायला जागाच नव्हती, कारण नुकतेच ते रडले होते.

"द्या की, द्या," ते म्हणाले. "बाग लेकरांचीच हाय. आजपासून खुली."

वॉचमननं चावी शिवांजलीच्या मांडीवर ठेवली. बोटांनी धरता येईना, तशी तिनं ती कोपरानं दाबून धरली. टाळ्या पडल्या. टाळ्या शेटनी घेतल्या, मल्लम्मानं चावी घेऊन शिवांजलीच्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

त्यानंतर शेटचं चांगलंच फावलं. सोलापूरला सत्कार झाला, लातूरला झाला. स्टेजवर ते शिवांजलीची गोष्ट सांगतात, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडते. मागच्या वेळी म्हणे ते तिला खांद्यावर घेऊन डोंगर चढले होते. लोक भेटायला घरी यायला लागले. त्यांना माडीवर कसं नेणार, म्हणून शिवांजलीची खोली खाली आली, रस्त्याकडच्या बाजूला. निकितानं परत येऊन पाटीबद्दल पुन्हा सांगितलं तेव्हा मंडळानं ती काढून बाहेरच्या भिंतीवर लावली. उताराचं तोंड मोकळं झालं. पाटी हलली, पण लहान झाली नाही. भिंतीवर जागा जास्त होती.

"खोटेपणानं का होईना," मल्लम्मा मला म्हणाली, "जिना सुटला पोरीचा. त्याला वाटतंय, त्यानं केलं. वाटू दे. त्याला समजवत बसायला माझ्याकडं वेळ न्हाय."

शेटना अजून तिचं बोलणं समजत नाही. शिकायचा प्रयत्नही करत नाहीत. कुणी विचारलं, की आपल्याला हवं ते सांगतात.

शिवांजली सकाळी आणि संध्याकाळी बागेत असते. बलभीम कामावर जाताना तिला सोडतो. निवासी शाळेची पोरं आता आठवड्याला येतात. न दिसणाऱ्या पोरी ठिपक्यांवरून भांडतात, कुठला ठिपका कुणाचा, आणि निवाडा शिवांजली करते. वॉचमननं तिला वय विचारायचं सोडून दिलंय.

मल्लम्मा कठड्यावर बसून असते. मागच्या आठवड्यात मी गेले होते. एक बाई लेकराला घेऊन आली होती. लेकरू धावत शिवांजलीपाशी गेलं, तशी तिनं त्याला मागं ओढलं आणि हळूच म्हणाली, "जाऊ नको, बिचारीला त्रास होईल."

मल्लम्मानं तिला खालून वरपर्यंत बघितलं. "बिचारी कोण? ती?" ती म्हणाली. "ती खेळतीया. तू बघत बसलीस. सोड त्याला."

बाईनं हात सोडला. लेकरू उतारावरून पळत पोटात गेलं आणि आत नळ्या वाजायला लागल्या.